बाद मतं

आमच्या टॉलिव्हर काउंटीतून बाहेर पडायला एकच डांबरी रस्ता आहे. दवाखान्याला जायचा तोच, गुरांच्या बाजाराला जायचा तोच आणि पळून जायचाही तोच. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून एक बोट वर करायचं, समोरच्यानेही करायचं, अशी आमच्याकडची रीत. बोट वर करता करता तो तुम्हाला पाहून घेतो आणि घरी पोचल्यावर बायकोला सांगतो. सकाळी सातला निघालात तर दातांचं काम, दुपारी निघालात तर ट्रॅक्टरचा सुटा भाग, रविवारी निघालात तर काहीतरी भानगड.

मी आर्डिस थॉर्नग्रेन. अठ्ठावीस वर्षं या काउंटीची क्लार्क. जमिनीचे दस्त मी नोंदवते, लग्नाचे परवाने मी देते, घरपट्टी मी आकारते, कोर्टाची कागदपत्रं मी सांभाळते आणि निवडणुकाही मीच घेते. मागच्या जनगणनेत आम्ही चारशे अठरा भरलो. एवढ्या माणसांत प्रत्येक खुर्चीला वेगळं बूड आणायचं कुठून? आमचा शेरीफ शाळेची बस चालवतो. ओपल कास्पर पोस्ट सांभाळते, रुग्णवाहिकेवर जाते आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. ड्वेन रस्ते सपाट करतो, आणि कोणी घरात मेलं तर मृत्यूच्या दाखल्यावर सही करायलाही तोच येतो, त्याच बुटांनी. इथून एक माणूस गेलं की तीन-चार खुर्च्या एकदम रिकाम्या होतात.

म्हणून कोणी निघतो म्हणालं की लोकांना ते मरणाहून वाईट वाटतं. मरणाला निदान इलाज नसतो. नदीकाठच्या स्पर्लिंग कुटुंबाने एकदा सहा महिने आधी सांगण्याचा मूर्खपणा केला होता. झालं! रोज कोणी ना कोणी, मयताच्या घरी नेतात तसं, चीज घातलेल्या बटाट्यांचं भांडं घेऊन दारात हजर, आणि आत येऊन तासभर सुतकी चेहऱ्याने बसायचं. पाळक येऊन गेले. शाळेची बाई त्यांच्या पोरांसमोर रडली, कारण ती तीन पोरं गेली तर शाळाच बंद होणार होती. बिचाऱ्यांनी बेत दोन वर्षं पुढे ढकलला. शेवटी गेले तेव्हा चर्चच्या तळघरात त्यांना जेवण दिलं. ते समोर जिवंत बसून जेवत होते आणि लोक त्यांच्याबद्दल ‘फार चांगले होते’ असं बोलत होते.

मी ठरवलं, आपण कोणालाही सांगायचं नाही.

मला जायचं होतं ओमाहाला. माझी धाकटी बहीण इनेझ तिथे राहते आणि तिच्या गल्लीत एक लहानसं घर रिकामं होतं. घराचं मला काही कौतुक नव्हतं. कौतुक होतं गल्लीच्या टोकावरच्या दुकानाचं. वसंतात आम्ही तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा मी तिथे ब्रेड आणायला गेले. रांगेत उभी राहिले. गल्ल्यावरच्या पोरीने वर न बघताच पैसे घेतले आणि पुढच्याला हाक मारली. माझी आई कशाने गेली, माझ्या नवऱ्याचा गुडघा कधी बदलला, आम्हाला मूल का झालं नाही, यातलं एक अक्षर त्या पोरीला ठाऊक नव्हतं. ब्रेड घेऊन मी बाहेर आले आणि भिंतीला टेकून रडले. इतकं हलकं मला लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

लॉवेलला, म्हणजे नवऱ्याला, मी परतीच्या वाटेवरच सांगितलं. तो म्हणाला, “तू म्हणशील तसं, आर्डी.” तो नेहमी हेच म्हणतो. कुरण पुतण्याला खंडाने द्यायचं, हिवाळ्याआधी गुरं विकायची आणि जानेवारीत माझी मुदत संपली की निघायचं, असं ठरलं. गुरं विकली तेव्हा लोकांना वाटलं, गुडघ्यामुळे विकली. मीही त्यांना तसंच वाटू दिलं.

उन्हाळ्यात क्लार्कच्या जागेसाठी नाव देण्याची मुदत आली आणि गेली. मी नाव दिलं नाही. दुसऱ्या कोणी देण्याचा प्रश्नच नव्हता. आर्डिस आहेच, हे इथे लोक हवापाण्यासारखं धरून चालतात. मतपत्रिका छापून आल्या तेव्हा क्लार्कच्या जागेपुढे फक्त एक कोरी ओळ होती आणि तिच्या शेजारी एक रिकामा गोल. उभं कोणीच नसलं तर तिथे हवं त्याचं नाव हाताने लिहिता येतं. कोण लिहितोय, म्हटलं. कोणी निवडून आलं नाही की काउंटीचे तीन कारभारी कोणाला तरी धरून खुर्चीत बसवतील, आणि तोवर मी ओमाहात ब्रेडच्या रांगेत.

आमच्याकडे मतदान टपालाने होतं. टेकड्यांमागे एकेक घर, मधे नुसतं गवत आणि पवनचक्क्या. केंद्र ठेवायचं तरी कुठे? ऑक्टोबरात पाकिटं मीच चिकटवली आणि ओपलच्या खिडकीतून आत सरकवली. त्यानंतर लोक विचित्र वागायला लागले.

ओपलने पोस्टात माझा हात धरला आणि म्हणाली, “तू अजिबात काळजी करू नकोस गं. आम्ही आहोत ना.” ड्वेनने न सांगता माझ्या घरापर्यंतचा कच्चा रस्ता सपाट करून दिला. मी विचारलं तर टोपी मागे सारून म्हणाला, “तुझ्यावर फार भार पडतो, आर्डिस. होतं असं कधी कधी. मनाला लावून नाही घ्यायचं.” गाडीच्या सीटवर कोणी रानप्लमच्या जॅमच्या बाटल्या ठेवून गेलं. चर्चमध्ये बायका माझ्याकडे बघून हसायच्या आणि गप्प व्हायच्या.

मी घरी येऊन लॉवेलला धारेवर धरलं. “तू बोललास ना कोणाजवळ?”

“मी? मी कोणाशी बोलतो?”

तेही खरंच होतं. मग मी समजले की यांना आपोआप कळलंय. गुरं विकली, नाव दिलं नाही. दोन आणि दोन जुळवायला ही माणसं कधी चुकत नाहीत. कळलं, आणि तरी कोणी रडायला आलं नाही, बटाटे आणले नाहीत, गुपचूप निरोप देताहेत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला या लोकांबद्दल प्रेम वाटलं. निघायला दोन महिने उरलेत म्हणूनही असेल.

मोजणीच्या संध्याकाळी कोर्टाच्या वरच्या दालनात आम्ही तिघं बसलो होतो: मी, ओपल आणि ड्वेन. ओपलने भोपळ्याचं सारण भरलेला गोड ‘पाय’ भाजून आणला होता. पत्रिकेवरच्या आधीच्या पदांची मतं मोजून झाली. मग क्लार्कची ओळ आली. पहिल्याच पत्रिकेवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: आर्डिस.

“बघा, कोणीतरी थट्टा केलीय,” मी हसून म्हणाले आणि ती बाजूला ठेवली.

दुसऱ्या पत्रिकेवरही आर्डिस. तिसरीवर ‘आर्डिस थॉर्नग्रेन’, पूर्ण आणि वळणदार. शाळेच्या बाईचं अक्षर. चौथीवर थरथरती रेघ, ती नदीच्या वरच्या अंगाची म्हातारी हॅटी. मत गुप्त राहावं म्हणून नावाची पाकिटं आधी वेगळी काढली तरी काय फरक पडतो? प्रत्येकाचं अक्षर मी कराच्या पावत्यांवर पाहिलेलं. उत्तरेच्या तळ्यांपासून दक्षिणेच्या पठारापर्यंत अख्खी काउंटी माझ्या हाताखालून सरकत होती, टेकडीमागून टेकडी, आणि प्रत्येक दारातून माझंच नाव येत होतं. कुंपणाच्या भांडणावरून एकमेकांचं तोंड न बघणारे दोन वेस्टरगार्ड भाऊ, त्यांनीही तेच लिहिलेलं. एकाने तर पुढे लिहिलं होतं, ‘दुसरं कोण?’

मी पत्रिका उलटायची थांबले.

ओपल टाळ्या पिटायचीच बाकी होती. “मी म्हटलं नव्हतं, काळजी करू नकोस? अगं, पत्रिका उघडली आणि मी कपाळाला हात लावला. बाई सगळ्यांची नावं छापून मोकळी झाली, स्वतःचंच विसरली!”

“विसरली?” मी म्हणाले.

“तुला वाईट वाटेल म्हणून कोणी तोंडावर बोललं नाही,” ड्वेन म्हणाला. “हॅटीला मी स्वतः आठवण करून दिली. ती म्हणाली, मला काय सांगतोस, मी कधीच लिहिलं.”

म्हणजे ते जॅम, तो रस्ता, पोस्टात धरलेला तो हात. निरोप कोणी देतच नव्हतं. बाईचं वय झालं, कामाने डोकं फिरलंय, सांभाळून घ्या, एवढंच होतं ते. दार मी उघडं ठेवलं होतं आणि या सगळ्यांनी मिळून, माझ्यावरच्या मायेने, ते बाहेरून लावून घेतलं होतं. मला हसावं की किंचाळावं कळेना. खिडकीबाहेर अंधार झाला होता आणि चौकातला एकुलता एक दिवा लागला होता.

मी खाली पाहिलं, आणि मग मला तो गोल दिसला. रिकामा.

पहिली पत्रिका परत घेतली. गोल रिकामा. दुसरीचाही. तिसरीचाही. हाताने नाव लिहिलं तर शेजारचा गोल भरायचा, नाहीतर ते मत बाद, हा आमचा नियम. नावं छापलेली असली की लोक गोल नीट भरतात. स्वतः नाव लिहिलं की त्यांना वाटतं, लिहिलं की, आता आणखी काय रंगवायचं? याच नियमाने मी माझ्या सख्ख्या दिराला एकदा पाडलं होतं. तो पडला हे सगळ्यांना आठवतं, कशाने पडला ते कोणालाच आठवत नाही.

“ही बाद,” मी म्हणाले.

“काय?”

“गोल भरलेला नाही. ही बाद. हीही बाद.”

“अगं ए बाई,” ड्वेन म्हणाला, “नाव ढळढळीत लिहिलंय की. लोकांच्या मनात काय आहे ते दिसतंय ना?”

“दिराच्या वेळीही दिसत होतं.”

“तुझ्या दिराला कोणी कुत्रं विचारत नव्हतं. ही गोष्ट वेगळी.”

“नियम तोच आहे.”

माझा आवाज चढला असावा. ओपलने चष्मा काढला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. तीस वर्षं ती माझी पत्रं हाताळतेय. ओमाहाची पाकिटं किती वाढली होती हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

“तू विसरली नव्हतीस,” ती म्हणाली.

मी मानेनेच कबूल केलं.

“इनेझकडे?”

“हो.”

“आणि आम्हाला सांगावंसंही वाटलं नाही तुला? मला, आर्डिस? तुझ्या आईला रुग्णवाहिकेतून मी नेलं होतं.”

“म्हणूनच नाही सांगितलं. सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?”

ड्वेन पायाकडे बघत बसला. ओपलचे डोळे भरून आले होते आणि ती रागावलीही होती, दोन्ही खरं. मग तिने चष्मा लावला, गठ्ठा स्वतःकडे ओढला आणि वरची पत्रिका उचलली.

“गोल नाही,” ती म्हणाली. “बाद.” ती ड्वेनकडे दिली. “बघ, आहे का?”

“नाही,” ड्वेन घसा खाकरून म्हणाला. “बाद.”

एकेक करून ती दोघं अख्खी काउंटी बाद करत गेली. हॅटी बाद. शाळेची बाई बाद. दोघे वेस्टरगार्ड बाद. स्वतःची पत्रिका आली तेव्हा ओपल क्षणभर थांबली, मग म्हणाली, “ही कोण गाढव आहे? हिलाही गोल भरता येत नाही,” आणि खाली ठेवली. मी हात मांडीवर घेऊन बसले होते. ही माणसं माझ्या एकेक बेडीचा खिळा काढताहेत असं वाटत होतं, आणि काढताना त्यांना किती दुखतंय तेही दिसत होतं. सहा महिन्यांपूर्वी विश्वास ठेवला असता तर काय झालं असतं, असंही मनात आलं.

गठ्ठा संपत आला तेव्हा ओपलचा हात थांबला.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही.” तिने ती पत्रिका दुसऱ्या गठ्ठ्याखाली सरकवायला घेतली. मी तिच्या हातून घेतली.

पेन्सिलीने, सुटी कोरीव अक्षरं. इथले सगळे पुरुष गुरांच्या औषधांच्या डब्यांवर असंच लिहितात, ते कोणाचंही असू शकतं. आर्डिस थॉर्नग्रेन. आणि शेजारचा गोल काठोकाठ भरलेला, रेघेबाहेर न जाता, काळाकुळकुळीत.

“पेन्सिल आहे, पुसली जाईल,” ड्वेन छताकडे बघत म्हणाला. “मी काही पाहिलं नाही बुवा.”

“मीही नाही,” ओपल म्हणाली.

त्यांनी तसं केलंही असतं, माझ्यासाठी. पण इतकी वर्षं खुर्चीत बसून मला तेवढं एकच काम नीट येतं. मी म्हणाले, “ही वैध आहे,” आणि तक्त्यावर लिहिलं: आर्डिस थॉर्नग्रेन, एक मत, विजयी.

घरी येताना मात्र मी मनातून मोडले नव्हते. एका मतावर निवडून आलेलं पद म्हणजे थट्टाच. जानेवारीत शपथ घ्यायची नाही, की झालं. तो एक शहाणा कोण, एवढाच राग डोक्यात होता.

लॉवेलने बीन्सचं सूप गरम ठेवलं होतं. मी सांगायला सुरुवात केली, लोकांनी मला विसरभोळी ठरवलं तिथपासून. तो मान खाली घालून चमचा ढवळत होता.

“आणि सगळी मतं बाद,” मी म्हणाले. “शाळेच्या बाईचंसुद्धा. एकाही शहाण्याने गोल भरला नव्हता.”

त्याने मान वर केली. “सगळी कशी बाद होतील? मी तर नीट भरला होता.”

चमचा त्याच्या हातात तसाच राहिला. माझ्याही.

“तू,” मी म्हणाले.

“रोज जेवताना तेच ऐकतोय ना, आर्डी. गोल भरत नाहीत, गोल भरत नाहीत. हात आपोआप गेला.” मग खाली बघून म्हणाला, “मला वाटलं, एवढ्यांत माझं एक मिसळून जाईल. कळणार नाही.”

“सगळे लिहिणार आहेत हे तुला माहीत होतं?”

“पेंडीच्या दुकानात बोलत होते. मी ऐकलं.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

“नाही.”

मी ताट सारलं. काय वाटेल ते बोलले. बायकोला हो म्हणायचं आणि पाठीमागे पाकिटात घालून नाही म्हणायचं, हा कुठला पुरुषार्थ? तोंड होतं ना, तोंडाने का नाही म्हणालास? तो ऐकत राहिला. माझा श्वास संपल्यावर म्हणाला, “तू ब्रेड आणायला गेली होतीस ना, वसंतात? मी गाडीत बसलो होतो.”

“गुडघा दुखत होता तुझा.”

“गुडघ्याला काही झालं नव्हतं. समोरून गाड्या जात होत्या. सवयीने बोट वर केलं. एकीने पाहिलं नाही. म्हटलं, दुसरी पाहील. तू येईपर्यंत मी बोट वर करत होतो, आर्डी. इतक्या गाड्या गेल्या. एकाने परत केलं, पण ते बोट वेगळं होतं.”

मला हसू फुटलं, आणि फुटता फुटता मेलं, कारण तो हसत नव्हता.

“तू बाहेर आलीस तेव्हा रडून आली होतीस. मला वाटलं, तुझंही तसंच झालं. बरं वाटलं मला. मग तू गाडीत म्हणालीस, इथेच राहायला येऊ.” त्याने टेबलावरचा ब्रेडचा चुरा बोटाने गोळा केला. “तू जा. मी तुला अडवणार नाही. मी येईन मागून.”

तो मागून येणार नव्हता, हे मला कळत होतं आणि त्यालाही. ओढून नेलं असतं तरी तिथल्या घराच्या खिडकीत बसून त्याने रस्त्यावरच्या गाड्यांना बोटं वर केली असती, मरेपर्यंत. जिथे कोणी ओळखत नाही तिथे मला श्वास येतो आणि त्याचा अडकतो. मी एकटी गेले असते का? त्या रात्री, दुसऱ्या दिवशी, नाताळापर्यंत मी तोच विचार केला. एकदा सकाळी सातला गाडी काढलीही. काउंटीच्या हद्दीवरच्या पाटीपर्यंत गेले. वाटेत चौघांनी बोट वर केलं. दात, असं समजले असतील. पाटीपाशी गाडी वळवली आणि परत आले.

जानेवारीच्या पहिल्या गुरुवारी फिरते न्यायाधीश आले. दालनात पंचवीसएक माणसं होती, आमच्या मानाने तुडुंब गर्दी. चीज घातलेले बटाटे होते. ओपल पहिल्या रांगेत बसली होती, आणि तिच्या शेजारी लॉवेल, इस्त्रीचा शर्ट घालून, माझ्याकडे न बघता. ड्वेन दारापाशी उभा होता. मी उजवा हात वर केला.

आमच्या शपथेत शेवटी एक वाक्य आहे: ‘ही जबाबदारी मी स्वेच्छेने, मनात काहीही मागे न ठेवता स्वीकारत आहे.’ शेरीफपासून शाळेच्या मंडळापर्यंत सगळ्यांना ते मीच वाचून दाखवत आले. कोणी अडखळलं तर मी पुन्हा म्हणायला लावते.

त्या वाक्यापाशी मी थांबले. न्यायाधीशांना वाटलं, मी विसरले. त्यांनी हळू आवाजात पुन्हा सांगितलं. लोक मायेने हसले. ओपल हसली नाही. तिने मान खाली घातली.

मी वाक्य पूर्ण म्हटलं. खोटं होतं ते, आणि मत असतं तर मी बाद केलं असतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी खाली उतरून बटाटे वाढायला घेतले.